कोरड्या हातावरचं मीठ

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी चहाचा कप घेऊन उठून जायचो... आजही जातो. नववीतून शाळा सोडलेला माणूस आहे, लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. गाव नांदेडकडचं, नोकरी रोह्याला, केमिकल कंपनीत. नंदू तिथंच भेटला. पेणजवळ, धरमतरच्या खाडीकडचा, मीठ पिकवणाऱ्यांचा. आम्ही एकमेकांचे होतो – नवरा-बायको असतात तसे. सांगायची सोय कुठंच नव्हती. सुट्टीला आमच्यासारखे आणखी दोघंतिघं खोलीवर यायचे. आधी पावडरीचं इंजेक्शन, मग बाकीचं. नशेत लाज वाटायची नाही. सुई एकच.

नंदू वाळत गेला. डॉक्टरकडे गेला, पण खरं बोलला नाही. शेवटी आईनं त्याला घरी नेलं. तोंडात फोड, पाणीसुद्धा गिळवेना. मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाला, "रक्त तपासून घे रे. माझी शपथ."

मी हो म्हणालो. तो गेला... आणि मी भीतीनं तपासायला गेलोच नाही.

दोन महिन्यांनी, भर दुपारी, त्याच खोलीत मी आणि दोन नवे सोबती. जुने पांगले होते. सुईची पहिली पाळी माझी. बाही वर केली, तर डाव्या हातावर कोपरापर्यंत मीठ सुकलेलं! पुसलं. परत आलं.

"काय रे, मिठागरात लोळून आलास?" एकजण हसला. दुसऱ्यानं बोट लावून चाखलं आणि लांब सरकला.

मला नंदूची शपथ आठवली. मी सुई मोडली. मीठ कागदात बांधलं आणि एसटीनं नंदूच्या आईकडे गेलो.

तिनं दाणा जिभेवर ठेवला. "आमच्याच आगरातलं हाय." मग पुडी मिटली. "पन औंदा बांध फुटला, बाला. मीठ पडलंच नाय."

मी सगळं सांगून टाकलं. सुई, नंदू, आम्ही दोघं. वाटलं, हाकलेल.

"मला काय दिसत नव्हतं व्हय? चल, रक्त दाखवू."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नातं विचारलं. "लेक हाय माझा," म्हणाली.

माझ्यात रोग निघाला, एचआयव्ही. पुढं काही वर्षांनी गोळ्या मिळाल्या, म्हणून आज लिहितोय. पण त्या दुपारी माझ्यानंतर तीच सुई त्या दोघांना लागणार होती... याचा अर्थ रिपोर्ट हातात आल्यावर कळला.

मीठ कुठून आलं, मला अजून सांगता येत नाही. दवाखान्यातून परतताना एसटीत आईलाही विचारलं होतं.

"नाय ठावं, बाला," ती म्हणाली. "सकालपासून जेवला नायस. डबा काढ."