पंधरावा दिवा

हालवर्डला जेवायला बोलवायचं म्हटलं की आमच्या बेटावरच्या बायका आधी नवऱ्याला दम द्यायच्या, "त्याला मासळी कशी झालीय ते विचारायचं नाही!" कारण विचारलं की तो सांगणार. खारट असेल तर खारट. स्वतः पकडलेला मासासुद्धा या माणसाने कधी बोटभर वाढवून सांगितला नाही, आणि ते तर आमच्याकडे कुणी खोटं बोलणं धरतच नाही. मी त्याच्याबरोबर बावीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली निम्मी त्याच्यावर चिडण्यात घालवली.

आमचा विमानतळ म्हणजे डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये अडकलेली बाराशे मीटरची धावपट्टी. माणसं मोजकी, त्यामुळे सगळ्यांनी सगळं करायचं. बर्फ काढायचा, सामान चढवायचं, आगीचा बंब चालवायचा, रेडिओवर बसायचं. आणि दिवे मोजायचे. धावपट्टीच्या कडेने दर साठ मीटरला एक दिवा आहे. धुकं असो की बर्फ, एकाने पट्टीच्या टोकाशी असलेल्या खोपटात जाऊन उभं राहायचं, किती दिवे दिसतात ते मोजायचं आणि फोनवर वरच्या मजल्यावरच्या रेडिओच्या खोलीला कळवायचं. वरचा माणूस तो आकडा रेडिओवर वैमानिकाला सांगतो. ढगात शिरलेल्या वैमानिकाला बाहेरचं काही म्हणजे काही दिसत नसतं. समोरचे काटे आणि आमचा आकडा, एवढंच त्याच्या हातात. पंधरा दिवे असतील तर खाली यायला सुरुवात करायची, चौदा असतील तर नाही. पंधरा आहेत म्हणून आलाच, तरी ठरलेल्या उंचीवर पोचेपर्यंत त्याला स्वतःला दिवे दिसले पाहिजेत. नाहीतर तसंच वर निघून जायचं.

माझ्या बहिणीच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा अर्धे पाहुणे हालवर्डने आल्या पावली परत पाठवले. तेरा दिवे! दुकानात, चार लोकांसमोर मी त्याला गाठला.

"दोन दिवे जास्त सांगितले असतेस तर काय आभाळ कोसळणार होतं रे?"

"दोन दिवे म्हणजे एकशेवीस मीटर, बॉर्गहिल्ड. एकशेवीस मीटर डोळे मिटून गाडी चालवशील का?"

"तुझं तोंड बघण्यापेक्षा चालवीन!"

सगळे हसले. तो नाही हसला. त्याने आपलं पाव आणि लोणी उचललं आणि निघून गेला. पण एक गोष्ट मलाही कबूल करावी लागायची. वैमानिक रेडिओवर पहिलं विचारायचे, "मोजतंय कोण?" आणि मी हालवर्डचं नाव घेतलं की पलीकडचा आवाज सैल व्हायचा.

तो जानेवारी होता. दुपारचे बारा वाजले होते, म्हणजे आमच्या इतक्या उत्तरेला जेमतेम उजाडल्यासारखं. माझी लेक इंगुन आठव्या महिन्यात होती आणि सकाळपासून तिच्या अंगावरून रक्त जात होतं. जावई मासेमारीला, दोन दिवसांच्या अंतरावर. बेटावर एक नर्स, बाकी काही नाही. बचाव पथकाची बोट होती, पण त्या समुद्रातून मुख्य भूमीवरच्या इस्पितळात पोचायला तिला तीन तास लागले असते. म्हणून रुग्णवाहिकेचं विमान मागवलं होतं. विमानाने पाऊण तास.

इंगुनला घेऊन आलेली रुग्णवाहिकेची गाडी कुंपणाशी उभी होती. बर्फ आडवा पडत होता. मी मोजायला निघाले तर हालवर्डने माझ्या हातातून टोपी काढून घेतली.

"तू वर बस. मी मोजतो."

"मला येत नाही का मोजायला?"

"येतं. पण आज तुला जास्त दिसतील."

मला असा संताप आला! पण गेले वर. खिडकीतून गाडीचा निळा दिवा तेवढा दिसत होता. विमान डोंगरापलीकडे ढगांच्या वर घिरट्या घालत होतं. चालवत होती सिनोव्ह, आमच्या सगळ्यांच्या ओळखीची.

"बॉर्गहिल्ड, किती?"

"बारा."

पाच मिनिटांनी तेरा. मग पुन्हा बारा. मग चौदा.  सिनोव्ह म्हणाली, "माझ्याकडे आणखी वीस मिनिटं घिरट्या घालण्यापुरतं इंधन आहे. खाली यायचा प्रयत्न एकच. तो फसला तर पुन्हा घिरट्या नाहीत, सरळ परत जावं लागेल. पंधरा झाले की सांग, मी लगेच येते."

तेवढ्यात दुसरा फोन वाजला. गाडीतून नर्स बोलत होती. "बॉर्गहिल्ड, तिचा रक्तदाब उतरतोय. विमान कधी येतंय?" आणि मागून इंगुनचा आवाज आला. लहानपणी ताप चढला की जशी हाक मारायची तशी तिने मला हाक मारली.

हालवर्डचा फोन आला. "चौदा."

"नीट बघ ना रे!"

"बघितलं. चौदा."

"हालवर्ड, माझी पोर मरतेय तिथे!"

 वारा ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "माहीत आहे मला. चौदाच आहेत, बॉर्गहिल्ड."

मी फोन ठेवला, रेडिओचं बटण दाबलं आणि म्हणाले, "पंधरा."

"हालवर्डने मोजले?"

"हालवर्डने."

"मग आलेच मी."

मी विमानाचा आवाज ऐकला. जवळ येत गेला, इतका जवळ की खिडकीची काच थरथरायला लागली. मी धावपट्टीच्या टोकाकडे बघत होते. तिथे पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. आणि मग इंजिनं एकदम गरजली आणि आवाज डोक्यावरून वर, वर चढत गेला. सिनोव्हला दिवे दिसले नव्हते.

"बॉर्गहिल्ड, मला परत फिरावं लागतंय," ती म्हणाली.  "खाली काहीच दिसत नव्हतं. एक दिवा नाही. हालवर्डला सांग, डोळे तपासून घे म्हणावं."

रेडिओचा एक संच खोपटातही असतो. पुन्हा मोजून आत आलेल्या हालवर्डने तेवढं ऐकलं.

बारा मिनिटांनी बर्फ थांबला. कुणी पडदा सरकवावा तसा. वीसच्या वीस दिवे दिसायला लागले, त्यांच्यापलीकडचा समुद्र दिसायला लागला. तोवर सिनोव्ह लांब गेली होती; इथे परत येऊन पुन्हा बर्फ लागला तर दुसरीकडे जायला तिच्याकडे इंधन उरलं नसतं, आणि तिकडे जाऊन इंधन भरून परत यायचं म्हणजे बोटीएवढाच वेळ. इंगुनला बोटीवर न्यायला घेतलं. मी तिच्याबरोबर जायला धावले, तर हालवर्ड जिन्यातच भेटला. टोपी हातात, भुवयांवर बर्फ.

"मी फोनवर काय म्हणालो?" त्याने विचारलं. "चौदाच म्हणालो ना? वाऱ्याने डोळ्यांना पाणी येत होतं. पण मी चौदाच मोजले होते. की पंधरा म्हणालो?"

बावीस वर्षांत या माणसाने कुणाला 'मी काय म्हणालो' असं विचारलं नव्हतं. आणि मी, जिची जीभ अख्ख्या बेटाला माहीत आहे, ती मी काही बोलले नाही. त्याला बाजूला सारून खाली पळाले.

इंगुन वाचली. बाळ वाचलं नाही. मुलगी होती. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन तास आधी आला असतात तर कदाचित. 'कदाचित' म्हणाल्या त्या, पण मला ऐकायचं ते मी ऐकलं. बारा मिनिटं मी तोंड बंद ठेवलं असतं तर ते विमान उतरलं असतं.

चौथ्या दिवशी मी बेटावर परतले. धक्क्यावरून घरी न जाता सरळ विमानतळावर गेले. हालवर्ड वरच्या खोलीत नोंदवही उघडून बसला होता. दाढी केलेली नव्हती. त्याने मुख्य कार्यालयाला पत्र लिहून ठेवलं होतं, की माझी नजर भरवशाची राहिलेली नाही, यापुढे मला मोजायला लावू नये. वहीत त्या दिवसापुढे त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, "पंधरा. मोजण्यात माझी चूक."

मला बघून तो उठला. उभं राहताना त्याने टेबलाचा आधार घेतला. इतक्या वर्षांत मी त्याच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं.

"बॉर्गहिल्ड," तो म्हणाला, "ते बाळ माझ्यामुळे गेलं. मला माफ करशील का?"

 मला पळून जायचं होतं. खोटं कशाला बोलू, दाराकडे बघितलंही मी. मग त्याच्या हातातलं पेन घेतलं, त्याची ती ओळ खोडली आणि म्हणाले, "तू चौदाच म्हणाला होतास, हालवर्ड. पंधरा मी म्हणाले."