तीनदा परत फिरलेला दाणा

त्या आजींच्या खाटेपाशी रोज इतकी माणसं कशी येतात, याचा मला आधी रागच आला होता. भेटीची वेळ पाच ते सात. सात वाजले की माणसं बाहेर काढायची, हे आम्हा नर्सांचं काम. बाकीच्या खाटांवरची माणसं बोलावूनही येत नसत, आणि या खाटेभोवती रोज जत्रा. कोणी पेज आणायचं, कोणी पाय चेपायचं, आणि जाताना सगळे मिळून हळू आवाजात एक गाणं म्हणायचे. मराठीत. मी एकदा चिडून म्हटलं, "आजी, तुम्हाला पोरं तरी किती?" आजी म्हणाल्या, "एकही नाही गं. ही आमची मंडळी. चर्चची."

मला धक्काच बसला. ख्रिस्ती माणसं म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर झगा आणि इंग्रजी यायचं. या आजी तर कपाळाला कुंकू नाही एवढं सोडलं, तर जव्हारच्या आश्रमशाळेतल्या माझ्या जुन्या बाईंसारख्या दिसत. सुती पातळ, डोक्यावरून पदर, आणि बोलण्यात "काय गं पोरी" असं. शाळेतच शिकवायच्या त्याही, आता निवृत्त.

त्याच्या दोन महिने आधी मला मलेरिया झाला होता. आम्ही चार नर्सा एका खोलीत राहायचो, पण प्रत्येकीची पाळी वेगळी. तापात मी तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि पाण्याचा तांब्या हाताला लागत नव्हता. आमच्या गावी, पोशेऱ्यात, ताप आला असता तर अर्धा पाडा दारात बसला असता. म्हणून ती खाट बघून राग आला तो खरं तर हेव्याचा होता. आज कबूल करते.

आजी बऱ्या होऊन घरी गेल्या. जाताना म्हणाल्या, "एखाद्या रविवारी ये, पिंपळाजवळचं चर्च." या शहरात पिंपळ किती आणि चर्च किती, हे आजींच्या लक्षात आलं नाही आणि विचारायचं माझ्या लक्षात आलं नाही.

पहिल्या सुट्टीच्या रविवारी खोलीतली केरळची मैत्रीण म्हणाली, चर्चच हवंय ना, माझ्याबरोबर चल. तिच्या चर्चमध्ये तीन तास बसले. एक अक्षर कळलं नाही, जेवण मात्र झकास होतं. दुसऱ्या वेळी एका मोठ्या दगडी चर्चमध्ये शिरले. तिथे सगळं इंग्रजीत. एका गृहस्थांनी कॉफी हातात देऊन गाव विचारलं. मी आमच्या तालुक्याचं मोखाडा सांगितलं, तर ते म्हणाले, "महाराष्ट्रात येतं का ते?" मी म्हटलं, "नाही, आम्हीच जातो महाराष्ट्रात, पोट भरायला." त्यांना विनोद कळला नाही आणि मी कॉफी अर्धी ठेवून निघाले. तिसऱ्या पिंपळाजवळ तमिळ चर्च निघालं.

चौथ्या रविवारी आजींचं चर्च सापडलं. लहानसं, कौलारू, दोन उंच इमारतींच्या मध्ये दबून बसलेलं. पायरीवर मी चपला काढल्या आणि आत गेले, तर सगळे चपला-बूट घालून बाकांवर बसलेले! देवाच्या दारात पायताणं? माझी पावलं उंबऱ्यातच अडली. पुढच्या बाकावरून आजींनी हात केला, "ये, ये, बस." पाळकसाहेब, म्हणजे तिथले धर्मगुरू, मराठीत बोलत होते, माणसांची आडनावं आपलीच होती, आणि उपासना संपल्यावर अकरा जणांनी मला जेवायला बोलावलं. त्यातल्या दोघींनी तर तिथल्या तिथे भांडण काढलं की पोर आधी कोणाकडे येणार.

मग मी जात राहिले. बाप्तिस्मा घेतला नव्हता, घेईन की नाही ते ठरवलंही नव्हतं. कोणी घाईही केली नाही. मला बाकावर बसायला जागा होती आणि ताप आला तर कोणाला फोन करायचा हे माहीत होतं, एवढ्यावर मी खूश होते.

आईला हे मी सांगितलं नाही. गावच्या एका मिस्त्रीने मला चर्चच्या पायरीवर पाहिलं आणि खोडाळ्याच्या बाजारात बातमी उतरवली, सोबत दोन पदरच्या गोष्टी घालून. आईने भावाच्या फोनवरून मला एकच प्रश्न केला, "तू आता आपल्या देवाचा खाशील का नाय?" मी उत्तर द्यायच्या ऐवजी त्या मिस्त्रीला शिव्या दिल्या. आईने फोन भावाच्या हातात दिला. त्यानंतर वर्षभर मी फोन केला की भाऊ म्हणायचा, आय शेतात गेली हाय. रात्री आठ वाजतासुद्धा आय शेतातच.

हे वर्ष कसं गेलं ते माझं मला माहीत.

पाऊस सरल्यावर पाळकसाहेबांनी जाहीर केलं की पुढच्या महिन्यात हंगामाचा सण आहे, प्रत्येकाने आपल्या पिकातलं काहीतरी देवाला आणावं. लोक हसले. कोणाचं आलंय शेत! मागल्या वर्षी सणाला मी पाळीवर होते, तेव्हा म्हणे एकाने बिस्किटांचा पुडा आणला होता. उचलली जीभ लावली टाळ्याला, मी उभी राहून म्हटलं, "मी आमच्या शेतातली नागली आणते. तुम्ही नाचणी म्हणता ती." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खाली बसल्यावर कळलं की नागली आणायची म्हणजे आईकडे मागायची.

आमच्याकडे नवा दाणा आला की तो आधी कणसरीला, म्हणजे धान्याच्या देवीला, दाखवायचा. त्याआधी घरातलं पोरसुद्धा त्याला तोंड लावत नाही. तो दाणा मी चर्चसाठी मागणार होते. भावाला म्हटलं, आयला सांग, नागली पायजे, देवाला द्यायची हाय. फोनवर बराच वेळ कोंबड्यांचा आवाज येत राहिला. मग वर्षभराने आईचा आवाज आला.

"कोणच्या देवाला?"

"इथल्या. चर्चमधल्या."

पुन्हा कोंबड्या. मग म्हणाली, "मी घेऊन येईन. देव कोणचा बी असंल, दाना घरच्या बाईनं द्यावा."

मी फोन ठेवला आणि वॉर्डच्या कोठीत जाऊन रडले.

सणाच्या आदल्या दिवशी आई आली. पोशेऱ्याहून जीपने जव्हार, तिथून एसटी. डोक्यावर पिशवी, शिवून पक्की केलेली, आणि अंगावर ठेवणीतलं लुगडं. खोलीत आली, माझ्याकडे नखशिखांत पाहिलं आणि म्हणाली, "वाळलीस." वर्षभराच्या भांडणाचा तिच्याकडून तेवढाच निकाल लागला.

सकाळी ती अनवाणीच चर्चमध्ये शिरली, आणि तिच्यासोबत मीही चपला बाहेर काढल्या. पुढच्या टेबलावर भोपळे, फुलकोबीचे गड्डे, केळीचे घड, अंडी, केक मांडले होते. आईने मधली जागा करून पिशवी ठेवली, तोंड सोडलं, दाणा वरून दिसेल असा केला आणि हात जोडले. आजींनी तिला आपल्या शेजारी बसवून घेतलं. दोन तास आई शांत बसली होती. मी सारखी तिच्याकडे बघत होते. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि मला वाटलं, झालं, मिटलं.

उपासनेनंतर टेबल अंगणात आणलं. मला वाटलं आता स्वयंपाक होणार. पण एक हसरे निवृत्त साहेब स्टुलावर चढले आणि त्यांनी भोपळा उचलून बोली सुरू केली. लिलाव! ही तिथली जुनी रीत होती. देवाला आणलेलं विकायचं आणि आलेला पैसा चर्चच्या कामाला लावायचा. माझा हा पहिलाच सण, मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी आईला सांगितलं नव्हतं. मी आईकडे पाहिलं. ती आ वासून बघत होती. "देवाचा इकतात?" तिने विचारलं. मी म्हटलं, "अगं, गंमत असते."

मग नागली आली. साहेबांनी सांगितलं, ही खऱ्या शेतातली आहे, या आपल्या पोरीच्या आईने डोक्यावरून आणलेली. एकदम बोली चढली. एका डॉक्टरांनी पिशवी घेतली, छातीशी धरली आणि "देवाला परत!" म्हणून पुन्हा टेबलावर ठेवली. टाळ्या. हीसुद्धा तिथली रीत. ज्या वस्तूचा मान मोठा, ती विकत घेऊन परत द्यायची, म्हणजे तिच्यावर पुन्हा बोली लागते. दुसऱ्यांदा एका बाईंनी घेतली, परत दिली. तिसऱ्यांदा तरुण पोरांनी मिळून घेतली, परत दिली. इतका मान त्या दिवशी कोणत्याच वस्तूला मिळाला नाही. माझी छाती फुगली. मी हसत वळले तर आईची खुर्ची रिकामी.

ती टेबलापाशी गेली होती. तिने साहेबांच्या हातून पिशवी घेतली, काखोटीला मारली आणि फाटकाबाहेर चालू लागली. साहेब रिकाम्या हातांनी स्टुलावर तसेच उभे. मी तशीच अनवाणी तिच्यामागे पळाले.

"आय, काय केलंस हे? सगळ्या लोकांत!"

"तीन घरांनी दाना परत फिरवला," ती म्हणाली. "तीन घरांनी. आन तू हसतस?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्या घराण्यात सोयरीक ठरवताना मुलीकडचे घरचा दाणा नेऊन देतात. तो ठेवून घेतला की होकार. पिशवी दारातून परत आली की समजायचं, तुमची पोर नको. कोणी तोंडाने नाही म्हणत नाही, दाणाच बोलतो. आई एवढी वाट तुडवून माझ्यासाठी होकार मागायला आली होती, आणि टाळ्या वाजवून तिला तीनदा नकार मिळाला होता.

मी भर रस्त्यात ओरडले, "अगं, ती रीत हाय त्यांची! मान दिला त्यांनी तुला!" रिक्षावाले बघायला लागले. आई ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, "ज्यांना दाना ठेवता येत नाय, ती तुला ठेवतील?"

हाच प्रश्न माझ्याही मनात कधीचा होता. आज मी धडधाकट आहे, खाटेवर पडले तरी ही माणसं येतील का?

मागून आजी काठी टेकत आल्या. मी चार वाक्यांत सगळं सांगितलं, निम्मं रागाने. आजींनी ऐकून घेतलं. "चुकलं आमचं बाई," त्या म्हणाल्या. "लिलाव राहू दे. मला दे." आणि काठी माझ्याकडे देऊन त्यांनी दोन्ही हातांनी पदर पसरला.

आई त्यांच्याकडे बघत राहिली. "परत नाय ना फिरवणार?"

"जीव गेला तरी नाही."

आईने पिशवी उपडी केली. दाणा सगळा पदरात गेला, दोन-चार दाणे रस्त्यावर सांडले ते तिने वेचून तेही घातले. मग आजींच्या हाताला हात लावून म्हणाली, "पदरात घातली. संभाळा." जेवायला काही थांबली नाही. मी तिला एसटीत बसवलं. खिडकीतून तिने माझ्याकडे पाहिलं नाही, मला वाटलं दमली असेल.

पुढचे चार महिने मी हवेत होते. आई फोनवर यायला लागली होती. "आजी बरी हाय ना?" असं विचारायची. मी मैत्रिणींना सांगायचे, माझ्या आईने चर्च मान्य केलं.

शिमग्याला गावी गेले. आईने दारातच पाय धुवायला पाणी दिलं. गोधडी अंथरून बसवलं. शेजारीण आली, तर आई तिला म्हणाली, "लेक आली हाय, चार दिसाला." मला हसू आलं, म्हटलं आज भलतीच कौतुकं चालली आहेत. भांडी घासायला घेतली तर हातातून काढून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी दळण काढायचं होतं म्हणून मी कणगीचं झाकण बाजूला केलं आणि आत हात घातला. आईने मनगट धरलं. जोरात नाही, पण धरलं.

"तू नको," म्हणाली.

आमच्याकडे दिलेली लेक माहेरच्या कणगीत हात घालत नाही. ती आता दुसऱ्या घरची असते, इथला दाणा घरच्या बाईने काढून तिला द्यायचा. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण माझं लग्न कुठे झालं होतं? मला वाटलं होतं, तिने त्या लोकांना आपलं म्हटलं. तिने तर मला देऊन टाकलं होतं. आणि मी स्वतः अजून काहीच ठरवलं नव्हतं.

"आय, तू मला टाकलीस?" मी विचारलं.

"टाकली नाय," ती म्हणाली. "दिली. माणसा बघून दिली." आणि माझं मनगट तसंच धरून उभी राहिली. तिचेही डोळे भरले होते, पण हात सैल झाला नाही.

मग तिनेच दळण काढलं आणि भावाच्या हाती गिरणीवर पाठवलं. दुपारी भाकऱ्या केल्या आणि पहिली भाकरी मला वाढली, पाहुण्यांना वाढतात तशी.