आईला ॲडमिट कर

घ्या, चहा घ्या. पण एक अट. मध्येच कोणी हसलं तर हातातला कप काढून घेईन! कारण ज्याने हा गाढवपणा केला तो तुमच्यासमोरच बसलाय, आणि त्याचं डोकं अजून थंड झालेलं नाही.

लॉकडाऊनमधली बुद्धपौर्णिमा. एरवी आम्ही सगळे मीरा रोडला मिलिंदकडे जमतो. मिलिंद म्हणजे माझा धाकटा भाऊ. आई त्याच्याकडे असते. ती बुद्धवंदना सांगते, तिच्यामागून आम्ही म्हणतो, मग खीर. मी राहतो गोडदेवला. रिक्षात बसून नीट टेकेपर्यंत मीरा रोड येतं, एवढंच अंतर. पण आमच्या बिल्डिंगमध्ये एक पेशंट निघाला आणि गेटवर बांबू ठोकून आम्हाला सगळ्यांना कोंडून टाकलं. एवढ्या जवळ असून आईचं तोंड दिसत नव्हतं. डोकं फिरणार नाही तर काय होईल?

मग ठरलं, वंदना व्हिडिओ कॉलवर करायची. आईची एकच इच्छा होती, सगळ्यांची तोंडं एकदम बघायची.

मिलिंद म्हणाला, "दादा, मी लिंक पाठवतो."

मी म्हटलं, "तू? घरात मोठा कोण? कॉल माझ्याकडूनच लागेल!"

माझी मुलगी प्रणाली. तिने लॅपटॉप मांडून दिला, सगळ्यांना लिंक पाठवली. म्हणाली, "पप्पा, आता एकच लक्षात ठेवा, लोक आले की..."

"मला शिकवू नकोस. ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा तू जन्माला पण आली नव्हतीस."

ती तोंड फुगवून आत गेली ती गेलीच.

मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसलो. मागे बुद्धमूर्ती, मेणबत्ती, फुलं. समोर स्क्रीनवर कोण? मीच! दुसरं कुणी नाही. वेळ झाली, टळून गेली, तरी मीच. एकटा आपल्याच थोबाडाकडे बघत बसलोय. त्यात कोपऱ्यात सारखं काहीतरी चौकोनी टपकत होतं. मला वाटलं, जाहिराती. चष्मा कपाळावर होता, वाचतोय कोण? आली की फुली मारायची, आली की फुली मारायची. रागाच्या भरात दणादण उडवत होतो.

बायको खिरीचं पातेलं घेऊन बाहेर डोकावली. "आलं का कोणी?"

"कोण येणार? दिवसभर घरातच बसलेत सगळे, तरी टाइम नाही एकालाही!"

आणि मग मी फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकला. आता तो आठवला तरी अंगावर काटा येतो. लिहिलं, "ज्यांना आईसाठी दोन मिनिटं नाहीत, त्यांनी यापुढे मला दादा म्हणू नये. आजपासून माझे संबंध संपले."

टाकला! आणि तेवढ्यात मिलिंदचा मेसेज आला.

"दादा, आईला ॲडमिट कर ना लवकर. कधीची थांबलीय."

माझ्या हातातून मोबाइलच पडला. तो काळ आठवतो ना? ॲडमिट हा शब्द ऐकला की माणसाच्या पायातलं बळ जायचं. मिलिंदला फोन लावला तर उचलेना. त्याच्या बायकोला लावला.

"सुषमा! कशी आहे आई?"

"कशी असणार, दादा? तुमचीच वाट बघतायत. पांढरी साडी नेसून बसल्यात कधीच्या."

पांढरी साडी! मी खुर्चीतून ताडकन उठलो.

"बोलतेय का?"

"बोलतायत की. पण आवाजच जात नाहीये ना."

"अगं, मग दिसतंय तरी का तिला?"

"नाही ना! समोर सगळं काळं काळं दिसतंय म्हणतात. आणि मघापासून नुसतं गोल गोल फिरतंय."

मी ओरडलो, "आणि हे तू इतक्या शांतपणे सांगतेयस?"

"मग काय करू, दादा? आमच्या हातात काही नाही. तुम्ही घेतलं तरच होणार ना!"

फोन आपटला. इतका राग आला की काय सांगू! माझी आई बोलू शकत नाही, तिला दिसत नाही, तिला चक्कर येतेय, आणि ही माणसं माझ्याकडे बोट दाखवून बसलीत! आमच्या ओळखीचा एक कार्यकर्ता आहे, त्याची ॲम्ब्युलन्स चालते. त्याला फोन केला.

"भाई, मेरी माँ को ॲडमिट करना है! आवाज गया, आँख के सामने अंधेरा, चक्कर चालू है!"

"टेन्शन मत लो साहब. गाडी मीरा रोड में ही खडी है. पता बोलो."

एरवी ॲम्ब्युलन्ससाठी लोक दिवस दिवस रडत होते. माझ्या नशिबाने नेमकी त्याच दिवशी ती मोकळी!

माझी आरडाओरड ऐकून प्रणाली पळत आली. मी म्हटलं, "आजीला ॲडमिट करायचंय."

तिने माझ्याकडे बघितलं, मग लॅपटॉपकडे.

"पप्पा, मग करा ना! सगळेच बाहेर थांबलेत!"

"बाहेर? लॉकडाऊनमध्ये?"

"अहो, कॉलच्या बाहेर! तुम्ही आत घेतल्याशिवाय ते येऊच शकत नाहीत. हे बघा, 'ॲडमिट' लिहिलंय. तुम्ही एकालाही घेतलं नाही!"

तिने बटण दाबलं.

आणि भसाभस तोंडं उगवली! लातूरचे काका, नांदेडची मावशी, चुलतभाऊ, भाचे, सुना. सगळे पांढऱ्या कपड्यांत, हात जोडून. पण कपाळावर आठ्या. माझा मेसेज नुकताच वाचला होता सगळ्यांनी.

मधल्या चौकोनात आई. ठणठणीत! तिला बघितलं आणि खरं सांगतो, मी मागच्या मूर्तीकडे वळून हात जोडले. क्षणभरच हं. लगेच पुन्हा भडका उडाला.

"मिल्या! आत घे म्हणायला काय होत होतं रे तुला? ॲडमिट कसलं लिहितोस?"

"दादा, बटणावर तेच लिहिलंय!"

"बटणावर काय पण लिहितील! तुला अक्कल नाही? कसले दिवस चाललेत?"

"आणि तू संबंध तोडलेस ते? काका बीपीची गोळी घेऊन बसलेत!"

"अरे, मला वाटलं, आई..." आणि तिथेच मला आठवलं. ॲम्ब्युलन्स! मी मोबाइल उचलला, कार्यकर्त्याला लावला. एंगेज. परत लावला. एंगेज!

तिकडे मिलिंदच्या घराची बेल वाजली. त्यांच्या खिडकीतून सायरन आम्हाला स्पष्ट ऐकू येत होता. सुषमाने दार उघडलं आणि किंकाळी फोडली. पायापासून डोक्यापर्यंत निळ्या सूटमधला माणूस स्ट्रेचर घेऊन आत शिरला. त्याच्यामागे जिन्यावर त्यांच्या सोसायटीचा सेक्रेटरी ओरडत होता, "पूरा बिल्डिंग सील हो जायेगा! बोला क्यूँ नहीं?"

लातूर, नांदेड, सगळे श्वास रोखून बघतायत.

निळा सूटवाला थेट आईच्या मागे येऊन उभा राहिला. "पेशंट कौन है?"

आईने मागे वळून त्याला नीट न्याहाळलं. मग सरळ स्क्रीनवर माझ्या नाकासमोर बोट रोवलं.

"ह्यो काय, समोर बसलाय. न्या बाबा त्याला, लई दिसांपास्नं असाच करायलाय."