तळाचं पाणी

आटपाडीच्या राहीबाईंनी समुद्र कधी पाहिला नाही. पण भाद्रपदात कारवारसमोरचं पाणी वर कोमट आणि खाली गार असतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचा मुलगा वीरधवल पाण्याचं तापमान मोजणाऱ्या जहाजावर खलाशी होता. पावसाळ्यात वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं, खोलातलं गार पाणी वर चढतं, उबेचा थर दुधावरच्या सायीएवढा उरतो, असं तो फोनवर सांगायचा.

त्याच भाद्रपदात एका लाटेनं त्याला डेकवरून नेलं. तो सापडला नाही.

भावकी जमली. देह नसला तर दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यायचा असतो. राहीबाई म्हणाल्या, "आत्ता न्हाई."

दसरा गेला, दिवाळी गेली. थोरला दीर दादासो चिडला. "समुद्र तापायची वाट बघतीस व्हय गं? आंघुळीचं पाणी हाय का ते?"

"व्हय," राहीबाई म्हणाल्या.

 देह वर येईल म्हणून ही थांबली आहे, असंच गाव समजत होतं.

वीरधवलचा सोबती, मिरजेचा अफताब, बंदराला लागला की फोन करायचा. राहीबाई एवढंच विचारायच्या, "तळाला कसं हाय रं?"

"गारच हाय, मावशी."

एकदा खोटं सांगावं असं त्याला वाटलं. जीभ वळली नाही.

पौषात आटपाडीच्या माळावर कडाक्याची थंडी पडली. तिकडं मात्र प्रवाह उलटले होते. वरचं उबदार पाणी किनाऱ्याशी दाटून खाली दबत होतं. या खेपेला अफताब स्वतःच आला, सोप्यात दादासोशेजारी टेकला.

"मावशी, ऊब तळाला पोचली."

"पार तळाला?"

"त्याच जागी मोजलं. मी हुतो तिथं."

राहीबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि त्या दादासोकडं वळल्या. "त्यो सापडायचा न्हाई, ते मला पयल्या दिवशीच कळलं हुतं, भाऊजी. पर गारठल्यालं पोर वाटंला कसं लावायचं? आता आणा दर्भ."

दादासोनं दर्भ आणला आणि अंगणात पुतळा बांधायला घेतला. आकार धरेना, हात सारखे आखूड होत होते. राहीबाईंनी तो त्याच्या हातून काढून घेतला, सोडला आणि नव्यानं वळायला बसल्या. बायकांनी हे करायचं नसतं. कुणी अडवलं नाही.