धुक्याला ओ द्यायची नाही

अनाएली आजोबांचा मेलेला भाऊ डोंगरात अजून फिरतो आणि आजोबा दर शुक्रवारी वर जाऊन त्याच्याशी गप्पा मारतात, असं आमच्या बाजारात केळी विकणाऱ्या बायका सांगतात. एलिनकिरा मावशी तर डोळे वटारून, नाकातून सांगते: "अगं, या कानांनी ऐकलंय मी! तो हाक मारतो नि हा खिदळतो!" हे मी तिच्याच आवाजात तिला ऐकवलं, तेव्हा केळ्याची साल माझ्या तोंडावर बसली.

खरं म्हणजे आजोबा पाण्यासाठी जातात. किलिमांजारोच्या उतारावर आमच्या बागा, बागांच्या वर जंगल, आणि जंगलातल्या ओढ्यावरून खाली आणलेला पाट. त्या पाटाचं तोंड मोकळं ठेवणं हे आजोबांचं काम. आणि गप्पा? शेवटची केळ ओलांडली की ते तोंडच उघडत नाहीत. चाळीस वर्षांपूर्वी धुक्यात कुणीतरी हाक मारली, त्यांच्या धाकट्या भावाने, किवियाने, 'ओ' दिली आणि तो त्या दिशेने चालत गेला. सापडली ती त्याची कुदळ.

डिसेंबरात पाट आटला. पाच दिवसांत केळीची पानं लोंबायला लागली. आजोबांचा खांदा धरला होता, म्हणून आईने मला सोबत धाडलं.

"नसियाला?" आजोबा म्हणाले. "हिची जीभ दातांआड राहते कधी?"

"राहील. पैज लावा! एकदाही ओ दिली नाही, तर नाताळच्या बोकडाचं तुमच्या वाट्याचं छातीचं मांस माझं."

ते मांस म्हाताऱ्यांच्या मानाचं. आई कपाळावर हात मारून आत गेली.

"आणि हरलीस तर?"

"वर्षभर पाटाचा गाळ मी काढीन."

आजोबा हसले नाहीत. केळीच्या सोपटाचा लांब दोर वळून एक टोक त्यांनी माझ्या कमरेला बांधलं, दुसरं स्वतःच्या.

"शेळी समजता का मला?"

"शेळी बरी. ती नकला करत नाही."

निघालो तेव्हा माथ्यावरचं बर्फ लखलखत होतं. जंगलात झाडांना करड्या शेवाळाच्या दाढ्या लोंबत होत्या. काळी-पांढरी माकडं वरून नुसती बघत होती, एकही उडी मारत नव्हतं. पाटाच्या तोंडाशी एक झाड आडवं पडलं होतं. ते सरकवलं, चिखल उपसला, पाणी धावलं. दुपार झाली होती. तेवढ्यात सगळे पक्षी एकदम गप्प झाले आणि धुकं उतरलं. दोर हातभर अंतरापर्यंत दिसत होता, पुढे नाहीच.

मग तो आवाज आला. आधी गंजलेलं दार करकरावं तसा, मग गळा आवळलेल्या पोराच्या किंकाळीसारखा. मी ओळखला. पेलेले. झाडाच्या ढोलीत राहणारा सशाएवढा प्राणी. शाळेत शंभरदा केलाय मी त्याचा आवाज. त्यामुळे विचार असा केलाच नाही. घसा आपोआप करकरला आणि झकास किंकाळी निघाली.

थोडा वेळ काहीच नाही. मग डावीकडून उत्तर आलं. पेलेलेचं नव्हतं ते. माझं होतं. शेवटी माझा आवाज जरासा चिरकतो ना, तोसुद्धा तसाच. किंबहुना माझ्यापेक्षा बरा. पुन्हा आलं. नीट ऐकावं म्हणून मी जरा...

कमरेला हिसका बसला आणि मी उताणी पडले. माझ्या टाचांखालची माती सुटून गेली, आणि ती पाण्यात पडल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला. मी चालले कधी, मला अजून आठवत नाही. दोर मात्र पुरता ताणलेला होता.

आजोबांनी त्या दुखऱ्या खांद्याने दोरावर हातामागून हात टाकत मला ओढून घेतलं. दोर आखूड करून खाली निघाले. पहिली केळ दिसली तेव्हा म्हणाले, "किवियाला दोर बांधला नव्हता मी."

जरा चालल्यावर मी विचारलं, "पण आजोबा, ते पेलेलेच होतं ना?"

"पहिलं."

नाताळला छातीचं मांस त्यांनी माझ्यासमोर बसून, बोटं चाटत, अगदी सावकाश खाल्लं. दर शुक्रवारी गाळ मी काढते. कमरेला दोर बांधून, तोंड मिटून.