‘गंमत कशात आहे?’ विचारू देणाऱ्या डोरीनबाई

डोरीनबाई हॅस्केट यांना मी प्रथम पाहिलं ते २०१२ साली, न्यूझीलंडमधल्या न्यू लिन इथल्या एका छोट्या सभागृहात. पुण्याहून नोकरीसाठी येऊन आम्हाला जेमतेम दोन महिने झाले होते. शनिवारची दुपार कशी घालवावी कळेना, म्हणून पत्नी वृषाली आणि मी ‘विनोदी कार्यक्रम’ अशी पाटी बघून आत शिरलो. पांढऱ्या केसांच्या, ठेंगण्या बाई आपल्या दिवंगत यजमानांच्या गवत कापायच्या यंत्राबद्दल सांगत होत्या. लोक हसत होते, मी मन लावून ऐकत होतो. मध्येच थांबून त्यांनी मला विचारलं, “तुम्हाला हसू येत नाहीये का?”

“येईल. आधी यंत्राचं काय झालं ते कळू द्या,” मी म्हणालो.

सभागृहात हशा उसळला. लोक कशाला हसले, ते मला समजलं नाही. वृषालीने मात्र मान खाली घातली होती.

कार्यक्रम संपल्यावर डोरीनबाई चहाचा कप घेऊन आमच्याकडे आल्या. “दर रविवारी सकाळी मी माझ्या गराजमध्ये पॉडकास्ट करते. तू येशील? मी विनोद सांगेन, तू प्रश्न विचार.”

“कसले प्रश्न?”

“हेच, असलेच.”

मी का गेलो, याचं नीट उत्तर आजही माझ्याकडे नाही. पण गेलो, आणि जातच राहिलो.

उत्तर इंग्लंडमधल्या एका बंदराच्या गावात जन्मलेल्या डोरीनबाई तरुणपणी बिस्किटांच्या कारखान्यात कामाला होत्या. संध्याकाळी कामगारांच्या क्लबात, गाण्यांच्या मधल्या वेळात, त्या लोकांना हसवत. यजमानांच्या नोकरीमुळे त्या न्यूझीलंडला आल्या, इथे रंगमंचावर नाव कमावलं आणि यजमान गेल्यावर, साठी उलटून गेल्यावर, पॉडकास्ट सुरू केला. सगळे त्यांना नुसतं ‘डोरीन’ म्हणत. मला ते जमेना. मी ‘डोरीनबाई’ म्हणू लागलो, तर श्रोत्यांना तोही विनोद वाटला.

कार्यक्रमात त्या एखादा किस्सा सांगत आणि मी विचारत असे, “पण यात गंमत कशात आहे?” लोकांना वाटे, मी नाटक करतो. मला खरंच कळत नसे.

माझे वडील पुण्यात वारले. मला वेळेवर पोहोचता आलं नाही. न्यूझीलंडला परत आल्यावर घरी भेटायला माणसं जमली, तेव्हा डोरीनबाईही आल्या. सगळे मराठीत बोलत होते. त्या दुपारभर बसून राहिल्या, वृषालीबरोबर कप विसळले आणि निघताना मला विचारलं, “वडील विनोदी होते?”

“अजिबात नाही.”

“मग तुझ्यात हे कुठून आलं?”

मी आयुष्यात एकही विनोद केलेला नव्हता. पण त्या दिवसांत पहिल्यांदा मला जरा बरं वाटलं.

पुढे वेलिंग्टनला प्रेक्षकांसमोर कार्यक्रम ठरला. मी नेहमीचा प्रश्न विचारला आणि तिसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थांनी माझ्या उच्चारांची हुबेहूब नक्कल केली. सगळे हसले. मीही हसलो. डोरीनबाई हसल्या नाहीत. लोक त्यालाही हसले. मग त्या शांतपणे म्हणाल्या, “मला कळलं नाही. जरा समजावून सांगता?”

“अहो, गंमत केली,” ते म्हणाले.

“हो, पण गंमत कशात आहे?”

त्यांना सांगता येईना. पुढचं वाक्य विनोदाचं असेल म्हणून सगळे थांबले होते, मीसुद्धा. ते आलंच नाही. काही मंडळी उठून गेली. पुढचे दोन प्रयोग आयोजकांनी रद्द केले.

विमानतळावर मी म्हणालो, “बाई, सोडून द्यायचं होतं. मला एवढं लागलं नव्हतं.”

“मला लागलं,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं लोक तुझ्या प्रश्नांना हसतायत. त्यातले किती जण त्या माणसासारखे हसत होते, मला माहीत नाही. तुला माहीत आहे?”

मलाही नव्हतं.

कितीतरी रविवार गराज बंद राहिलं. पुढे काय करायचं, ते त्यांनी माझ्यावर सोपवलं. माझं डोकं चालेना. थांबावं तर त्या गृहस्थांचं फावणार, चालू ठेवावं तर प्रत्येक हशाला मी कान टवकारणार. शेवटी वृषाली म्हणाली, “तू सांग ना गोष्टी. विचारू दे त्यांना.”

डोरीनबाईंना ते तत्काळ पटलं. तेव्हापासून मी सांगतो, त्या विचारतात. वडिलांच्या स्कूटरचा किस्सा त्यांच्या गळी उतरवता उतरवता एक अख्खा भाग संपला. श्रोते घटले. ज्यांच्या नावावर लोक तिकीट काढून येत, त्या बाई माझ्यासारख्या नवख्यासमोर अडाणी होऊन बसल्या, याचं त्यांना कधी काही वाटलं नाही.

परवा त्यांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली, तेव्हा मी त्यांना सांगितलं, “आमच्यात पंच्याहत्तरीला ‘शतायुषी व्हा’ म्हणतात.”

त्यांनी हिशेब केला. “म्हणजे अजून पंचवीस वर्षांचे रविवार. तेवढ्या गोष्टी आहेत तुझ्याकडे?”

“नाहीत.”

“मग घरी जा आणि काहीतरी घडू दे.”

हे त्या गमतीत म्हणाल्या की मनापासून, मला सांगता येणार नाही. मी मात्र मनापासून मागतो: डोरीनबाईंचे गुडघे कुरकुरू नयेत, आवाज असाच खणखणीत राहावा आणि पुढची पंचवीस वर्षं त्यांनी मला घरी पाठवत राहावं.