अकरा ऑगस्टचा ड्रायव्हर

बायको गेली आणि बबनराव रामटेके रडले नाहीत, याची आलमबागच्या त्या गल्लीत जेवढी चर्चा झाली, तेवढी कमलाताई हयात असताना त्यांचीही कोणी केली नव्हती. स्मशानात नाही, पुण्यानुमोदनाच्या दिवशी नाही. आलेल्या माणसाला जयभीम करायचा, पाणी द्यायचं आणि समोर बसून राहायचं. लोकांचं काय, त्यांना डोळ्यात पाणी दिसलं की हायसं वाटतं. खरं सांगायचं तर त्यांना रडू येतच नव्हतं. बधिर करायची सुई दिलेल्या दाढेला जीभ लावून पाहावी, तसे ते अधूनमधून आत चाचपून पाहायचे. काही लागायचं नाही.

माणूस मूळचा भंडाऱ्याचा. चौतीस वर्षं लखनौच्या टेलिफोन एक्सचेंजात काढली. काम एकच, फॉल्ट शोधणं. नुसती खरखर ऐकून सांगायचे, खराबी खांबावर आहे की साहेबाच्या बंगल्यात. "रामटेके जी के कान हैं, भाई," असं इंजिनियर लोक म्हणायचे, आणि हे ऐकून घरी आलेले बबनराव त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खायचे. निवृत्तीनंतर गल्लीतले कॉम्प्युटर त्यांच्याकडे येऊ लागले. दुरुस्ती फुकट, भाषण सोबत. आधी ऐका, मग एकेक गोष्ट काढून बघा, आणि घाईत नवीन काही घालू नका! हे तीन नियम त्यांनी अख्ख्या मोहल्ल्याला पाठ करून घेतले होते.

कमलाताईंचं वेड वेगळं होतं. वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, आपल्याकडे रोज ग्रंथवाचन होतं. पण लखनौत आपली घरं किती, आणि तीही कुठेकुठे! कोरोनाच्या वर्षी बाईंनी ते वाचन व्हिडिओ कॉलवर आणलं आणि मग ते तसंच चालू राहिलं. संध्याकाळी सात वाजता कमलाताई पांढरी साडी नेसून कॉम्प्युटरपुढे बसायच्या, कानाला हेडफोन, तोंडापुढे माइक. अकरा घरं ऐकायची. मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देणारी पोरंसुद्धा मुकाट ऐकायची.

यंदा ऑगस्टच्या सुरुवातीला निशातगंजच्या सुचित्राताई म्हणाल्या, "कमलाताई, मधेच आवाज जातो हो तुमचा. वाक्य अर्धंच येतं." दुसऱ्या दिवशी आणखी दोघं तेच म्हणाले. बबनरावांनी मशीन हातात घेतलं. पण आठ-दहा दिवसांत कमलाताईंनाच दवाखान्यात न्यावं लागलं आणि एकवीस तारखेला त्या गेल्या. डॉक्टर म्हणाला, दिल बहुत कमज़ोर था, फेफड़ों में पानी भर गया था, पहले किसी ने ध्यान नहीं दिया? बबनरावांनी मान हलवली. ते बोलणं कानावर पडलं, आत पोचलं नाही.

पुढचं वाचन सुचित्राताईंनी आपल्या घरून चालवलं. आज आश्विन पौर्णिमा, शेवटचा दिवस. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, शेवटची पानं कमलाताईंच्याच जागेवरून वाचली जावीत, आणि ती बबनरावांनी वाचावीत. ते हो म्हणाले होते. त्या दोन महिन्यांत ते कशालाही हो म्हणत होते.

दुपारी चारला त्यांनी मशीनवरचं फडकं काढलं आणि बटण दाबलं. आतला पंखा असा काही घोंगावू लागला की मुलगी प्राची स्वयंपाकघरातून धावत आली. ती गोमतीनगरात नोकरीला, आज मुद्दाम सुट्टी घेऊन थांबली होती. सुचित्राताईंना कॉल लावून पाहिला तर दोन्हीकडून शब्दांचे नुसते तुकडे.

"राहू द्या हो बबनराव, मी वाचते इथून," सुचित्राताई कशाबशा ऐकू आल्या.

"पापा, मेरे फ़ोन से पढ़ लो ना," प्राची म्हणाली.

"नाही. तिच्या जागेवरून, तिच्याच मशीनवरून होईल. सातपर्यंत करून देतो." प्राचीने फोन खाली ठेवला. दोन महिन्यांत बापाने पहिल्यांदा काहीतरी हवं म्हणून मागितलं होतं.

मग बसले. टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर अठ्ठ्याण्णव टक्के, आणि चालू प्रोग्राम तर एकही नाही! सगळी ताकद सिस्टिमच खात होती. म्हणजे ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे मशीन आणि त्याला जोडलेली वस्तू यांच्यामधला दुभाष्या. तो बिघडला की उगाच ओरडत राहतो आणि प्रोसेसरला दुसरं काही करूच देत नाही. सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरते ड्रायव्हर घेऊन सुरू केलं, तर मशीन गप्प. बबनरावांनी मान डोलावली. परत नेहमीसारखं सुरू करून एक्सचेंजातल्यासारखं एकेक काढायला घेतलं. कॅमेरा बंद केला, अठ्ठ्याण्णव. ब्लूटूथ, अठ्ठ्याण्णव. नेटवर्क, सत्त्याण्णव. प्राचीने चहा ठेवला, तो निवला. साडेपाचला त्यांनी माइक आणि हेडफोनचा ड्रायव्हर बंद केला आणि आकडा धाडकन चारवर आला. पंखा शांत झाला.

"मिल गया?" प्राचीने विचारलं.

"सापडला."

त्यांनी माहितीची खिडकी उघडली. ड्रायव्हर बसवल्याची तारीख, अकरा ऑगस्ट. बसवणारे कोण, तर बबनराव रामटेके! आवाज जातो म्हटल्यावर त्यांनी घाईघाईत कुठल्याशा साइटवरून नवीन ड्रायव्हर आणून घातला होता. पंखा तेव्हाच घोंगावायला लागला होता. उकाडा आहे म्हणून त्यांनी घरातला टेबलफॅन उचलून मशीनसमोर लावला. मशीनसमोर. शेजारी कमलाताई पदराने घाम पुसत वाचत होत्या.

त्यांनी रोल बॅकचं बटण दाबलं. नवा गेला, जुना परत आला. माइकमध्ये एक-दोन-तीन म्हटलं, रेकॉर्ड करून ऐकलं. खणखणीत. प्रोसेसर पाच टक्के. सुचित्राताईंना परत कॉल लावून पाहिला, तिथेही खणखणीत.

बबनरावांचा हात माऊसवरच राहिला. हा जुना ड्रायव्हर अकरा तारखेच्या आधीचा. लोक पहिल्यांदा तक्रार करत होते, तेव्हाचा. म्हणजे तेव्हा माइक चांगला होता, मशीन चांगलं होतं, लाइन चांगली होती. वाक्याच्या मध्यात जे थांबत होतं, तो बाईचा श्वास होता.

आणि ती म्हणाली होती. हो, म्हणाली होती! "अहो, मशीनचं राहू द्या, मलाच वाचताना धाप लागते." त्यावर हे काय बोलले होते? "तू गप्प बस, तुला त्यातलं काय कळतं? फॉल्ट मी शोधतो." चौतीस वर्षं अख्ख्या शहराची खरखर ऐकणारा माणूस, आणि हाताच्या अंतरावरचं ऐकलं नाही.

"क्या हुआ, पापा?"

"काही नाही. दिवा लाव. सात वाजत आले."

सातला अकरा घरं पडद्यावर आली. वंदना झाली. बबनरावांनी कमलाताईंचा हेडफोन कानाला लावला आणि शेवटच्या दिवसासाठी तिनेच आधीपासून सुतळी घालून ठेवलेलं पान उघडलं. पहिली ओळ नीट गेली. दुसरीही गेली. तिसऱ्या ओळीच्या मध्यात शब्द थांबला. त्यांनी तीच ओळ पुन्हा धरली, ती तिथेच पुन्हा थांबली. गाल ओले झाले होते, हे त्यांना हनुवटीवरून पानावर थेंब पडला तेव्हा कळलं.

"बबनराव, आवाज जातोय हो मधेच," सुचित्राताई म्हणाल्या. "मशीन बघता का जरा?"

"मशीन ठीक आहे, सुचित्राताई," बबनराव म्हणाले. "तेव्हाही ठीकच होतं."